माहिती अपुरी

मोठेबाबा त्या दिवशी भंडाऱ्याच्या बसमध्ये का चढले, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. महिन्याभरापासून त्यांना दम लागत होता, हे गावातल्या लोकांकडून नंतर कळलं. घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायचं म्हटलं तरी वाटेत दोनदा बसावं लागायचं. असा माणूस सकाळी अंघोळ करतो, धुतलेला सदरा घालतो, "तुमसरले जाऊन येतो, जाळ्याचं सूत आणाचं आहे," असं मोठ्या आईला सांगून सिहोऱ्याहून बस धरतो काय, आणि तुमसरला सुताच्या दुकानाकडे न वळता भंडाऱ्याची बस पकडतो काय! मोहाडीच्या अलीकडे कंडक्टरला वाटलं, म्हातारबाबा खिडकीला डोकं टेकून झोपले आहेत. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पिशवीत वाळवलेल्या झिंग्यांचा डबा होता, एक टॉवेल होता आणि कपड्यांचा एक जोड होता.

सूत आणायला जाणारा माणूस कपड्यांचा जोड कशाला नेईल, हे सगळ्यांचं आपापल्या परीने म्हणून झालं. मी भंडाऱ्याच्या पुढे शहापुरात राहतो. बस माझ्याच दिशेने येत होती. पण न सांगता ते माझ्याकडे कधीच आले नव्हते, म्हणून मीही इतरांसारखाच मान हलवत बसलो. तेरवी होईपर्यंत हे असंच चाललं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी शाळेत असतानाच गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. मोठेबाबा आणि मोठी आई यांना मूल नव्हतं, त्यांनी मला वाढवलं. आमचं घर मासेमारीचं. गावाबाहेरचा तलाव मच्छीमार संस्थेकडे आणि संस्थेत आमच्यासारखी वीस-पंचवीस घरं. मोठेबाबा बोलायला अत्यंत कंजूष माणूस. मोठी आई म्हणायची, "याईच्या तोंडात मरळ आहे, तोंड उघडलं का पळून जाईन." दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर तो सणाचा दिवस समजायचा.

तलावावर मात्र त्यांची एक हाक असायची. थंडीत आमच्याकडे सकाळी पाण्यावर असं धुकं बसतं की हातभर अंतरावरचं जाळंही दिसत नाही. एक जण डोंग्यात असतो, दुसरा पलीकडून छातीभर पाण्यात जाळ्याचं टोक धरून चालत असतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग डोंग्यातला हाक देतो, "हायेस का?" आणि पाण्यातला म्हणतो, "हाव." एवढंच. मासे लागले का, थंडी किती, हे काही विचारायचं नाही. फक्त माणूस आहे की नाही ते विचारायचं. तीनदा हाक देऊन ‘हाव’ आलं नाही, तर जाळं तिथंच सोडायचं, त्यात काहीही लागलेलं असो, आणि डोंगा सरळ त्या बाजूला वळवायचा. हे कुठे लिहिलेलं नाही आणि आजवर कुणी मोडलेलंही नाही.

मोडलं ते मी. दहावीत असताना, निव्वळ खोडसाळपणाने. धुक्यात मोठेबाबांनी तीनदा हाक दिली आणि मी तोंड दाबून हसत उभा राहिलो. मग पाण्यावर वल्ह्याचे असे फटके ऐकू आले की माझं हसू आपोआप बंद झालं. ते आले, मला पाहिलं. मागे भरत आलेलं जाळं सुटून गेलं होतं. त्यांनी मारलं नाही. नुसतं म्हणाले, "हाव म्हनाले जीभ झिजते का गा तुही?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता त्यांचं न बोलणं ते काय वेगळं, असं कुणी म्हणेल. पण मला ते कळत होतं आणि फार लागलं होतं.

पुढे मी शिकलो, इंजिनियर झालो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करू लागलो. बायकोची नोकरी जवाहरनगरला, म्हणून शहापुरात भाड्याने घर घेतलं. तिथून गाव दोन तासांवर. दोन तास म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण मी गेलो ते दिवाळीला, पोळ्याला आणि कुणाचं लग्न निघालं तर. बाकी रविवारी फोन. फोनवर मोठेबाबांची तीन वाक्यं ठरलेली होती. "बरा आहो. तू बरा आहेस ना? देतो मोठ्या आईले."

गावासाठी काहीतरी करतो आहे असं मला वाटायचं ते एका ॲपमुळे. आमच्या मच्छीमार संस्थेत जाळ्याची पाळी कुणाची, तलावात किती बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडली, पाणी किती उतरलं, यावरून कायम वाद. मी सुट्टीच्या दिवशी बसून फोनवर चालणारं एक ॲप लिहिलं, फुकट. त्याचा सगळा कोड इंटरनेटवर एका रिपॉझिटरीत, सगळ्यांना उघड्या असलेल्या साठ्यात, ठेवला, म्हणजे कुणालाही पाहता यावा आणि सुधारता यावा. बघता बघता आजूबाजूच्या गावांतल्या संस्थांनीही ते घेतलं. मला आनंद झाला, आणि मग डोक्याला ताप झाला. कारण ॲपमध्ये ‘अडचण कळवा’ असं एक बटण होतं. ते दाबून काही लिहिलं की रिपॉझिटरीत एक नोंद उघडायची आणि तिला मी उत्तर द्यायचं. दिवसाला दहा-पंधरा नोंदी. निम्म्यांत नुसतं ‘चालत नाही’. काय चालत नाही, कुठे चालत नाही, पत्ता नाही.

आमच्या धंद्यात यावर सोपा उपाय असतो. अमुक घडलं की तमुक कर, असे नियम लिहून ठेवायचे. काही घडलं की नियम जागा होतो, आपलं काम करतो आणि पुन्हा गप्प बसतो. माणूस लागत नाही. मी एका शनिवारी बसून असे चार नियम लिहिले. नवी नोंद आली की आभार मानायचे आणि गावाचं नाव, फोनचं मॉडेल, स्क्रीनचा फोटो मागायचा. त्यातलं काही नसेल तर नोंदीवर ‘माहिती अपुरी’ अशी चिठ्ठी डकवायची. चिठ्ठी सात दिवस तशीच राहिली तर नोंद बंद करायची, आणि नोंद का बंद केली ते एका ओळीत लिहायचं. बंद नोंदीवर कुणी पुन्हा लिहिलं तर नवी नोंद करा म्हणून सांगायचं.

या नियमांना उत्तर लिहायला कुणाचं तरी नाव लागतं. त्यासाठी वेगळं खातं काढायचं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं की हे यंत्र बोलतं आहे. ते काम अर्ध्या तासाचं. मला त्या अर्ध्या तासाचा कंटाळा आला. मी नियमांना माझ्याच खात्याची किल्ली देऊन टाकली. त्यामुळे प्रत्येक उत्तर माझ्या नावाने जाऊ लागलं, शेजारी माझा फोटो. नियम स्वतःच्याच उत्तराला उत्तर देत बसू नये म्हणून त्याच्या प्रत्येक वाक्यात एक छुपी खूण तेवढी आठवणीने घातली. तिथे मात्र माझी हुशारी कमी पडली नाही.

नोंदींच्या मेल थेट एका वेगळ्या कप्प्यात जातील असं केलं आणि तो कप्पा उघडणं सोडून दिलं. कुणी बिघाड स्क्रीनच्या फोटोसकट कळवला तर तो सोबत काम करणाऱ्या चार-पाच मुलांकडे जायचा. नागपूरच्या एका कॉलेजात मला याच विषयावर बोलायला बोलावलं होतं. तिथे मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "तीन महिने झाले, मी एकाही नोंदीला हात लावलेला नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की आता माझंच तोंड मला पाहवत नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मोठेबाबांच्या फोनमध्ये हे ॲप मीच घालून दिलं होतं. त्याआधी एकदा ते दुपारी फोन करून बसले होते आणि माझी मिटिंग चालू होती. मी चिडलो नव्हतो, पण आवाजात चीड होती. त्यामुळे फोन हातात देताना मी म्हणालो, "मोठेबाबा, दिवसा फोन नका करत जाऊ. काही असलं तर हे बटण दाबा अन् लिहा. मले लगेच दिसते." तेव्हा नियम लिहून महिना झाला होता. मला काहीही लगेच दिसत नव्हतं. सहज बोलून गेलो. त्यांनी चष्मा वर करून बटण पाहिलं आणि म्हणाले, "हाव."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. मोठ्या आईने मोठेबाबांचा फोन माझ्यापुढे ठेवला. "हा बंद करून टाक बाबू. नाई तर राहू दे, याच्यात तुहा फोटो दिसते. रोज पाहत बसत." मग पदराने फोनची काच पुसत म्हणाली, "साऱ्या पाळीवर सांगत फिरत होते. आमचं पोट्टं केवढं कामात राह्यते, पण मी लिवलं का त्याच मिनटाले जबाब देते."

मी विचारलं, "कायचा जबाब?"

"आता तूच लिवत होता ना गा," ती म्हणाली.

मी फोन उघडला. ॲपमध्ये ‘माझ्या नोंदी’ म्हणून एक पान असतं. ते मीच केलेलं आहे. त्यावर एकोणीस नोंदी होत्या.

पहिली दिवाळीनंतर आठ दिवसांची. "हायेस का?" त्याच मिनिटाला खाली माझा फोटो, माझं नाव आणि उत्तर, "नमस्कार. नोंद केल्याबद्दल आभार. कृपया गावाचे नाव, फोनचे मॉडेल आणि स्क्रीनचा फोटो पाठवा." त्याखाली मोठेबाबा, "बरं बरं. काम कर." त्यांचं समाधान झालं होतं. त्यांनी हाक दिली, कुणीतरी पलीकडून आवाज केला, माणूस आहे.

पुढच्या नोंदींत ते मोकळे होत गेले होते. समोर बसून जो माणूस वाक्य पुरं करत नसे, त्याने इथे एका बोटाने अक्षर अक्षर दाबून लिहिलं होतं. "हायेस का? तलावात पाणी कमी आहे औंदा." "हायेस का? तुह्या मोठ्या आईचे गुडघे दुखून राह्यले." "लय शुद्ध बोलून राह्यला तू. साहेब बसला असन बाजूले. असू दे." प्रत्येकाखाली माझे आभार. सात दिवसांनी माझीच ओळ, "आपल्याकडून पुरेशी माहिती न मिळाल्याने ही नोंद बंद करत आहे." पहिल्यांदा बंद झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बंद काहून केलं? काही चुकलं का माह्यं?" त्यावरही मी लगेच उत्तर दिलं होतं. नवी नोंद करावी, धन्यवाद. त्यांनी निमूट नवी नोंद केली होती.

पंधरावी नोंद मी दोनदा वाचली. "हायेस का? दम लागते मले चालताना. मोठ्या आईले सांगू नको, घाबरते." खाली मी, गावाचं नाव विचारत होतो. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "गावाचं नाव तुले मालूम नाई का गा? असं काहून बोलतेस? बरा आहेस ना तू?"

त्या दिवसानंतर त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सोळाव्या नोंदीत पुन्हा माझीच चौकशी. "बायको बरी आहे ना? कोणी तरास तर नाई देऊन राह्यलं?" उत्तरात मी पुन्हा गाव विचारलं होतं. मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. ज्या पोराला कडेवर घेऊन त्यांनी गावभर फिरवलं, ते पोर दर वेळी त्यांना गावाचं नाव विचारत होतं. कुणाला वाटणार नाही की याला काहीतरी झालं आहे? मोठ्या आईला तेव्हा ते एवढंच बोलले होते म्हणे, "पोट्टं जबाब देते, पण हाव नाई म्हणत."

रविवारच्या फोनवर त्यांनी हे का नाही विचारलं, असं मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे. पण फोनवर त्यांनी विचारलंच होतं. दर रविवारी विचारलं होतं, "तू बरा आहेस ना?" मी "हो, मस्त" म्हणून फोन मोठ्या आईला द्यायला सांगायचो. घरात, सगळ्यांसमोर, माणूस मस्तच म्हणणार, असं त्यांनी धरलं असेल. पाण्यातल्या माणसाला ते तसं विचारत नसत.

उरलेल्या तीन नोंदी ओळीने तीन दिवसांच्या होत्या. तिन्हींत दोनच शब्द. "हायेस का?" "हायेस का?" "हायेस का?" माझ्या आभारांना त्यांनी या वेळी काहीच लिहिलं नव्हतं. वाट पाहिली होती. मग सात-सात दिवस भरले आणि ओळीने तीन सकाळी तिन्ही नोंदी बंद झाल्या. तिसरी सकाळी सात वाजता बंद झाली. सिहोऱ्याहून त्यांनी धरलेली बस त्याच सकाळी साडेआठची होती.

तीनदा हाक दिली, हाव आलं नाही, त्यांनी डोंगा वळवला. दम लागत असताना, मोठ्या आईला सुताची थाप मारून, माझ्यासाठी झिंगे भरून घेऊन निघाले. मदत मागायला नाही. त्यांना वाटलं मी बुडतो आहे.

त्यांचाही नियम होता आणि माझाही. हाक दिली आणि उत्तर नाही, अशा वेळी काय करायचं, त्याचा. त्यांच्या नियमात निघून जायचं होतं त्या माणसाकडे. माझ्या नियमात नोंद बंद करायची होती. मी हे इतक्या शांतपणे लिहितो आहे, पण त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मोठी आई धावत आली. तिला वाटलं आठवणीने झालं. तिने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय लिवलं आहे त्याच्यात? मले वाचून दाखव ना." मी म्हणालो, "काही नाही, पाण्याचं लिहिलं आहे, तलाव उतरला म्हणून." तिला वाचता येत नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की पोरगा त्यांना त्याच मिनिटाला जबाब द्यायचा, आणि मी शेजारी बसून ते ऐकून घेतो.

दुपारी मी दोन्ही फोन घेऊन पाळीवर गेलो. पाणी खरंच खूप खाली गेलं होतं. मोठेबाबांचा डोंगा काठाला ओढून ठेवलेला होता. संस्थेच्या माणसांनी त्यात कुणी बसू नये म्हणून वल्हं आडवं बांधलं होतं. मी खाली बसलो, त्यांचा फोन शेजारी दगडावर ठेवला आणि माझ्या फोनवर ती एकोणिसावी नोंद उघडली. नियम लिहिल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या हाताने एका नोंदीला उत्तर लिहीत होतो. माफी कुणाची मागणार? शेवटी लिहिलं, "हाव." आणि पाठवलं.

दगडावरचा फोन वाजला. माझा फोटो, माझं नाव, ‘हाव’. मी तो हातात घेतला आणि तसाच धरून बसलो. मिनिटही झालं नसेल, तो हातातल्या हातात पुन्हा वाजला. पुन्हा माझाच फोटो, माझंच नाव.

"ही नोंद बंद झालेली आहे. आपली अडचण कायम असल्यास कृपया नवी नोंद करावी. धन्यवाद."